न पेटलेल्या चुलीचा शुक्रवार

आमच्या गल्फमधल्या, अरादच्या घरात दिवस उजाडायचा तो अम्मीच्या आदळआपटीने. ती भांड्यांशी बोलायची. माणसांशी बोलायला तिला वेळ नव्हता असं नाही, पण भांडी उलट बोलत नाहीत, एवढाच त्यांचा फायदा. विमानतळ अगदी शेजारी, त्यामुळे सारखं डोक्यावरून विमान जायचं आणि फळीवरच्या कपबश्या थरथरायच्या. अम्मी वाक्य अर्ध्यावर थांबवायची, विमान जाऊ द्यायची आणि जिथे सोडलं होतं बरोब्बर तिथून पुढे चालू करायची. शुक्रवारी तर विचारूच नका. बाबा जुम्याच्या नमाजाला निघायच्या आत कोळंबीचा पुलाव दमावर बसलाच पाहिजे, हामूर माशाच्या कालवणात कोकमं पडलीच पाहिजेत आणि शेजारच्या उम्म जासिमकडे झाकलेली ताटली गेलीच पाहिजे. ती ताटली कधी रिकामी परत यायची नाही. कधी खजूर, कधी गहू-मटणाचं घोटलेलं हरीस, कधी नुसती मूठभर हिरवी पानं. दोघींची भाषा एक नव्हती, पण त्यांचं दुपारभर कसलं बोलणं चालायचं ते अल्लालाच माहीत.

त्या वर्षी अम्मीचा जीव गावाला लागला होता. तिचे वडील, आमचे नाना, रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या आमच्या गावात अंथरुणाला खिळले होते. दम लागायचा, बसल्या बसल्या घाम फुटायचा. मामू बाजारातल्या दुकानातून फोन करायचा आणि दर वेळी एकच बोलायचा, "बरे हायेत, काळजी करू नको." अम्मी फोन ठेवायची आणि ओटा पुसत बसायची. तिला जायचं होतं. पण बाबांची लीव, म्हणजे सुट्टी, अडकलेली. ते एका अमेरिकन कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर होते आणि त्यांच्या जागी बसायला माणूस मिळत नव्हता. एकटी जायची तर अम्मी विमानात सोडाच, जवळच्या मुहर्रकच्या बाजारातसुद्धा कधी एकटी गेली नव्हती. मी होते पंधराची, माझी परीक्षा. म्हणून रोज रात्री जेवताना तेच, लीव मिळाली की जाऊ, इंशाल्ला. अम्मी मान डोलवायची आणि जेवण अर्धवट टाकून उठायची.

तेव्हाच बाबांनी तो घोळ करून ठेवला. त्यांचे मोठे साहेब डेल म्हणून होते. लालबुंद चेहरा, दारातून आत येताना वाकावं लागेल एवढी उंची आणि हसले की गोदाम दणाणायचं. त्यांच्या गावाकडे म्हणे फुटबॉलचा मोसम आला की माणसं गाड्या घेऊन मैदानाबाहेर जमतात, गाडीचा मागचा फाळका पाडतात, त्यावर जेवण मांडतात आणि मॅचच्या आधी खातपीत दंगा करतात. त्याला टेलगेट म्हणायचं. साहेब शहरातल्या झिंज भागात फ्लॅटात राहायचे आणि तिथला वॉचमन पार्किंगमध्ये कोळसा पेटवू देईना. ते एक दिवस फारच हिरमुसले, तेव्हा आमचे बाबा त्यांना म्हणाले, "सर, माझं घर तुमचंच घर. केव्हाही या." आता असं आपण बोलतोच. ऐकणारा "हो हो, नक्की" म्हणतो आणि वर्षभर फिरकत नाही, कारण त्यालाही कळतं. डेल साहेबांना ते कसं कळावं! त्यांनी बाबांना उचलून मिठीच मारली आणि पुढचा शुक्रवार जागच्या जागी पक्का करून टाकला.

घरी येऊन बाबांनी अम्मीला समजवायला घेतलं. मला अजून ते दिसतं. दोघं स्वयंपाकघरात, मी दाराशी पुस्तक उघडून बसलेली आणि पुस्तकात लक्ष नाही.

"म्हणजे घर असताना रस्त्यावर जेवायचं?" अम्मी म्हणाली.

"रस्त्यावर नाय गो. गाडीवर."

"गाडी कुठं असणार?"

"रस्त्यावर."

"आणि मॅच कुठं हाय?"

"मॅच अमेरिकेत होऊन गेली. त्याची कॅसेट आलीय. बाहेर टीव्ही लावून बघायची."

"होऊन गेली तर कोण जिंकलं ते सांगून टाका की. एवढं कशाला?"

"ते विचारायचं नाय. कुणाला कळलं असलं तरी बोलायचं नाय. तसा त्यांचा कायदा हाय."

अम्मीने माझ्याकडे बघितलं, जणू हे सगळं मीच इंग्रजी शाळेतून शिकून आणलं होतं. मला तरी काय कळत होतं? मला वाटलं, या लोकांत कुणी काही लपवलं की त्याला खेळ म्हणत असतील. पण खरा भडका उडाला तो शेवटच्या गोष्टीवर. साहेबांच्या बायकोने निरोप पाठवला होता की मिसेसने अजिबात काही शिजवायचं नाही, प्रत्येक जण आपापलं भांडं भरून घेऊन येणार, तिने आराम करायचा. बाबांनी हे अगदी खुशखबर सांगावी तसं सांगितलं. अम्मी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"चूल बंद आणि जेवण बाहेरून भांड्यातून यायचं," ती म्हणाली, "हे आपल्यात कधी असतं, तुमाला ठाऊक नाय? मयताच्या घरात. माझे बाबा तिकडे धाप टाकतायत आणि तुमी इकडे माझ्या घरात हे अपशकुन करताय?"

"अगो, त्यांच्यात तसं नसतं."

"त्यांच्यात नसेल. घर माझं हाय."

बाबांचा हिशेब वेगळा होता आणि तो त्यांनी तिला खालच्या आवाजात सांगितला. साहेब खूश झाले की लीवच्या अर्जावर सही होईल, आपण तिघं जाऊ, तू तुझ्या बाबांजवळ महिनाभर राहा. नानांच्या नावावर अम्मीने ते सगळं गिळलं. पण गुरुवारी संध्याकाळी तिने गॅसच्या शेगडीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हिला काय वाटत असेल?" मी हसले, तर चमच्याचा फटका खाल्ला.

बाबा स्टोअरकीपर माणूस. यादी आली की सामान हजर करायचं, एवढं त्यांना कळायचं. साहेबांनी सावली पाहिजे म्हटलं, बसायला जागा पाहिजे म्हटलं. बाबा गेले थेट अबू जासिमकडे. अबू जासिम म्हणजे उम्म जासिमचा नवरा, तरुणपणी मुंबईला ये-जा केलेला म्हातारा, आमच्याशी ऐटीत मुंबईची हिंदी बोलायचा. मशिदीजवळच्या खोलीत गल्लीच्या मालकीचा पांढरा तंबू आणि खुर्च्या ठेवलेल्या असत, त्याची किल्ली त्याच्याकडे. बाबांनी तंबू मागितला, खुर्च्या मागितल्या, कॉफीची मोठी किटली मागितली. अबू जासिमने एक अवाक्षर विचारलं नाही. नुसता बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि किल्ली काढून दिली. बाबा घरी येऊन म्हणाले, "किती भला माणूस! डोळ्यांत पाणी आलं त्याच्या." आता यावर आम्हाला शंका यायला नको होती का? पण नाही आली. तो तंबू गल्लीत कशासाठी उभा राहतो, ते बाबांनी इतकी वर्षं नमाजाला जाता-येता बघितलं होतं. तरी त्यांच्या डोक्यात तंबू म्हणजे तंबूच, सामानाचा एक नग.

शुक्रवारी सकाळी घराशेजारच्या मोकळ्या जागेत तंबू उभा राहिला. बाबांनी खुर्च्या मांडल्या त्यासुद्धा दोन्ही बाजूंना समोरासमोर, सरळ रांगेत. मग साहेबांची माणसं आली. केशरी बनियनं, एकाच्या गालांवर केशरी रंग, एकाच्या डोक्यावर कसलंसं शिंगांचं टोपडं. बायकांनी पिकअपचे फाळके पाडून त्यावर भांडी ठेवली. राजम्यासारख्या दाण्यांची, म्हणजे बीन्सची, लालभडक रस्सा-उसळ, मक्याचा पिवळा गोडसर पाव, पेटीतल्या बर्फात शीतपेयं. आमच्या घरी म्हणून बीअर आणायची नाही आणि सगळं मांस हलाल पाहिजे, हे साहेबांनी सगळ्यांना बजावून आणलं होतं, आणि त्याबद्दल मी त्यांना आजही मानते. अंड्यासारखा लांबुळका बॉल घेऊन दोघं तिघं पळायला लागले. अम्मी खिडकीच्या पडद्याआड उभी राहून सगळं बघत होती. हात रिकामे असले की तिला उभं कसं राहायचं तेच सुचत नसे.

माझ्या नवऱ्याचा भाचा आता अमेरिकेत शिकतो आणि असल्या पार्ट्यांचे फोटो पाठवतो. ते बघताना आता कळतं की डेल साहेबांना खेळाची नव्हे, गावाची आठवण येत होती. तेव्हा कुठलं कळायला! तेव्हा मला एवढंच दिसत होतं की मोठी माणसं तोंडं रंगवून आमच्या गल्लीत नाचतायत, आणि शाळेतल्या पोरींनी हे बघितलं तर मी मेले.

जुम्याची नमाज सुटली. बाबा साहेबांना कोळसा पेटवून द्यायला घाईने पुढे आले आणि मागून मशिदीतली माणसं आली. एकेकटी नाही, घोळक्याने. पुढे अबू जासिम. कडक इस्त्रीचे पांढरे पायघोळ थोब घातलेले म्हातारे, तरुण, शांतपणे तंबूत शिरले आणि बाबांच्या हातात हात देऊन काहीतरी पुटपुटत खुर्च्यांवर बसत गेले. अबू जासिमच्या मुलाने किटलीतून लहान पेल्यांत कडू कॉफी ओतायला घेतली. केशरी बनियनवाले थबकले. साहेबांना वाटलं, शेजारी आलेत पार्टीला. ते आनंदाने ओरडले, "वेलकम, वेलकम!" आणि एका म्हाताऱ्याच्या हातात मक्याचा पाव दिला. म्हाताऱ्याने तो आदराने घेतला आणि मांडीवर धरून बसला. बाबांचं तोंड उघडं ते उघडंच.

इकडे मागच्या दाराने उम्म जासिम आली. तिच्यामागे गल्लीतल्या आणखी बायका, सगळ्या काळ्या अबायांत. हातात झाकलेली पातेली. तिने पातेलं खाली ठेवलं आणि अम्मीला छातीशी धरून हुंदका दिला. "तुम्हारा बाबा," ती तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "अल्ला यरहमा, अल्ला यरहमा."

अल्ला त्यांच्यावर रहम करो, हा या दोन शब्दांचा अर्थ अरादमधल्या मांजरालाही ठाऊक होता. जिवंत माणसाच्या नावापुढे ते कुणी लावत नाही.

अम्मी ओरडली नाही. ती हळूच खाली बसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "शबू, तुला ठाऊक होतं?"

मी मानेनेच नाही म्हटलं. मला काही कळेचना. नाना गेले? कधी? आणि गेले असतील तर बाहेर टोपडं घालून नाचणारी ही माणसं कोण? मी धावत तंबूत गेले आणि बाबांना ओढून आणलं. बाबा आत आले, बायका बघितल्या, पातेली बघितली आणि एका क्षणात त्यांना सगळं उमगलं. तो तंबू गल्लीत मयत झालं की उभा राहायचा. अबू जासिमने न विचारता किल्ली दिली, कारण दुःखाच्या घरी कोण गेलं असं विचारायचं नसतं. आणि अम्मीचे बाबा आजारी आहेत, हे उम्म जासिमला खुद्द अम्मीनेच सांगितलेलं. दोन अधिक दोन, चार.

"हलीमा, काय पण झालेलं नाय," बाबा म्हणाले. "यांचा गैरसमज झालाय. तुझे बाबा बरे हायेत."

हेच त्यांनी बोलायला नको होतं. गल्फमध्ये राहिलेल्या माणसाला मी हे समजावून सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी सांगते. तेव्हा गावाकडचं मयत कुणी सरळ कळवत नसे. दूर देशात एकटं माणूस, धक्का बसेल, म्हणून आधी "थोडं बरं नाही" म्हणायचं, मग "सिरियस आहे" म्हणायचं आणि माणूस गावाच्या वेशीत शिरला की खरं सांगायचं. झिंजच्या एका भाबीला "आई बरी आहे" सांगत सांगत घरी नेलं आणि ती पोचली तेव्हा आईचा चाळिसावा चालू होता. अम्मीने ती हकीकत स्वतः शंभरदा सांगितली होती. त्यामुळे बाबा जितक्या जोरात "बरे हायेत" म्हणत, तितके नाना तिच्यासाठी जास्त मरत होते.

"कुराणाची शपथ घेऊन सांगतो," बाबा रडकुंडीला आले.

"शपथा घेऊ नका. म्हणूनच ही पार्टी केलीत काय? म्हणूनच मला चूल पेटवू दिली नाय. अख्ख्या गल्लीला ठाऊक, मला तेवढं नाय." आणि मग ती रडली. असं रडणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. "माझ्या बाबांनी मला पेजेतली शितं स्वतः न खाता भरवली ओ," ती उम्म जासिमच्या खांद्यावर म्हणत होती, कोकणातल्या बोलीत, आणि उम्म जासिमला एक शब्द न कळता तीही तेवढीच रडत होती.

बाहेर तर त्याहून गोंधळ. बाबांनी जाऊन साहेबांच्या कानात काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण घाबरले की बाबांचं इंग्रजी पातळ व्हायचं. साहेबांना फक्त "वाइफ", "फादर" आणि "डेड" एवढंच ऐकू आलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. टीव्ही बंद केला. शिंगवाल्याने टोपडं काढून काखेत धरलं. मग सगळे अमेरिकन लोक खुर्च्यांवर म्हाताऱ्यांच्या समोर ओळीने बसले, केशरी बनियनांत, गालांवर रंग, आणि कडू कॉफी तोंड वाकडं न करता प्यायले. साहेबांची बायको आत आली आणि अम्मीचा हात धरून म्हणाली, "आय ॲम सो सॉरी अबाउट युअर फादर."

अम्मीने माझ्याकडे बघितलं. "घ्या. गोऱ्यांना पण आधीच ठाऊक."

मीच फोन लावायचं सुचवलं. दुकानाचा नंबर सारखा एंगेज. लागला तेव्हा दुकानदाराने पोरगं पाठवून मामूला बोलावून घेतलं. तोपर्यंत घरातल्या सगळ्या बायका फोनभोवती. मामू आला आणि नेहमीसारखाच म्हणाला, "बरे हायेत, काळजी करू नको." अम्मी म्हणाली, "त्यांना आण फोनवर." मामू म्हणाला, "त्यांना चालवत नाय, बाय, इथवर कसं आणू?" अम्मीने रिसीव्हर जपून जागेवर ठेवला. मग मला वाटलं, खरंच गेले असतील. आत बाबांच्या तोंडाकडे बघितलं की वाटे, नाहीत गेले. माझ्या डोक्यात नाना एका मिनिटाला मरत होते आणि दुसऱ्या मिनिटाला उठून बसत होते. कुणावर विश्वास ठेवावा, हेच कळत नव्हतं.

अम्मी उठली. तिने तोंड धुतलं, डोक्यावरून ओढणी नीट घेतली आणि पुरुषांनी भरलेल्या त्या तंबूत चालत गेली. आमच्या घरात ती परक्या पुरुषापुढे पडद्याआडून चहाचा ट्रे सरकवायची. त्या दिवशी ती सरळ डेल साहेबांपुढे जाऊन उभी राहिली. सगळा तंबू उठून उभा राहिला.

"सर," ती म्हणाली. "पासपोर्ट. आय गो. टुडे."

तेव्हा कामगारांचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असायचे, आमच्या तिघांचेही तिथेच होते. साहेबांनी बाबांकडे बघितलं, बाबा काही बोलणार तेवढ्यात अम्मी त्यांच्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "तुमी गप रवा. तुमची लीव यायची तेव्हा येऊ द्या. मेले असतील तर त्यांची माती बघून येते, जिते असतील तर तोंड बघून येते. पण आता कुणी मला सांगायचं नाय. मी माझ्या डोळ्यांनी बघणार." मी साहेबांना त्यातलं शेवटचं तेवढं इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी खिशातून गाडीची चावी काढली आणि "यल्ला" म्हणाले. म्हणजे चला; त्यांना येत असलेला तो बहुधा एकच अरबी शब्द. मॅच कोण जिंकलं, ते मला आजतागायत ठाऊक नाही.

संध्याकाळच्या मुंबईच्या विमानात जागा मिळाली. उम्म जासिमने वाटेत खायला खजूर बांधून दिले. विमानतळावर बाबा तिला सांगत होते, मुंबईला उतरल्यावर असं कर, तसं कर, बस अमुक ठिकाणी मिळेल. ती ऐकत नव्हती. काचेच्या दारातून आत गेली आणि एका वर्दीवाल्याला हटकून काहीतरी विचारताना आम्हाला दिसली. बाबा म्हणाले, "बघ, ती विचारतेय." मग ते काचेला कपाळ टेकून रडले. त्यांना तिच्या एकटीने जाण्याची भीती वाटत होती की नाना खरंच गेले असतील याची, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

पुढचं अम्मीने परत आल्यावर सांगितलं, आणि त्यानंतर आयुष्यभर सांगत राहिली. बसमधून उतरून ती गावच्या वाटेला लागली. रस्त्यात भेटणाऱ्या कुणाकडेही तिने बघितलं नाही, कुणी काही सांगू नये म्हणून. घराच्या अंगणात कुणी नव्हतं. खुर्च्या मांडलेल्या नव्हत्या, तरी तिचे पाय उचलेनात. मग आतून खोकल्याची उबळ ऐकू आली. ती उंबऱ्यातच थांबली. नाना खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसले होते, हाताची नुसती काडी झालेली. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं, आपली परदेशातली लेक बॅग घेऊन, रडून सुजलेल्या तोंडाने दारात उभी. ते घाबरले. उठायला गेले, उठवेना.

"काय गो हलीमा? अशी अचानक आलीस ती? कोण मेला?"

"तुमी, बाबा," अम्मी म्हणाली, आणि धावत जाऊन त्यांच्या कुशीत पडली.